सुपाच्या हॉलातला शेवटचा सौदा

"ह्या छतावर हत्ती चढवला होता," मी त्या पोरीला सांगितलं.

ती शिडीवर होती. हातात मोजायची फीत, दातात पेन्सिल. तिनं खाली बघितलंसुद्धा नाही. पेन्सिल दातातून काढली आणि विचारलं, "कुठल्या बाजूनं?"

हा हत्ती मी तोवर निम्म्या तालुक्याला सांगितला होता. कुणी हसलं, कुणी 'जावा तात्या' म्हणालं, एका तलाठ्यानं तर कोपरापासून हात जोडले. पण हत्ती कुठल्या बाजूनं चढला, हे कुणी विचारलं नव्हतं. मी जरा अडखळलोच.

"पूर्वेकडनं," मी म्हणालो. "मातीचा उतार केला होता. व्यापारी अडून बसले ना! म्हणाले, चार बोटं जाडीच्या सिमेंटखाली आम्ही मरायला बसतोय व्हय? मग इंजिनियरनं सर्कशीतला हत्ती आणला."

"आणि उतरवला कसा?"

"उतरतोय कुठला! त्याला वरनं सगळ्या गावाचा गूळ दिसला. शेवटी खालनं ढेप दाखवली, तवा आला."

"तात्या, हे वहीत जाणार नाही," ती म्हणाली, आणि पेन्सिल पुन्हा दातात गेली.

अशी आमची ओळख झाली. ह्याला आता तेरा-चौदा वर्षं होऊन गेली. पोरीचं नाव शलाका मगदूम. तिच्याबरोबर एक उंच, मोजकं बोलणारा पोरगा होता, जुनैद मोमीन. दोघंही नुकतेच आर्किटेक्ट होऊन बाहेर पडलेले. त्या वयात लोक बंगले बांधायच्या मागं लागतात. ही दोघं जुन्या इमारती मोजत हिंडत होती. जुन्या म्हणजे किल्ले नि देवळं नव्हेत, त्यांना मोजणारे ढीगभर असतात. ह्यांना पाहिजे होत्या स्वातंत्र्यानंतरच्या, सिमेंटच्या. कुठलं एसटी स्टँड, कुठली पाण्याची टाकी, कुठला टाऊन हॉल. माणूस जिच्यापुढून रोज जातो आणि जिच्याकडं एकदाही बघत नाही, असली इमारत दिसली की ही दोघं मोटारसायकल थांबवणार आणि फीत काढणार. आमच्या उंबरपेठेत त्यांना सुपाचा हॉल सापडला.

सुपाचा हॉल म्हणजे बाजार समितीचा गुळाच्या सौद्याचा हॉल. बायका धान्य पाखडताना सूप कलतं धरतात ना, तशी सात सुपं एकामागं एक धरली, तर जसं दिसेल तसं त्याचं छत. मध्ये एकही खांब नाही. प्रत्येक सुपाचं तोंड एकाच दिशेला उघडं आणि त्या तोंडाला उंच काचा. मला मिसरूड फुटत होतं तेव्हा तो बांधला आणि मिशा पांढऱ्या होईस्तोवर मी त्यात बसलो. मी अडत्या. शेतकऱ्याचा गूळ व्यापाऱ्याला विकून द्यायचा आणि मध्ये आपली अडत घ्यायची, हा धंदा. थापा हा जोडधंदा.

पण तेव्हा हॉल बंद पडून दहाएक वर्षं लोटली होती. एका वादळात दोन काचा फुटल्या. समितीनं दोन काचा बसवायच्या, तर सातही तोंडांवर पत्रे ठोकले. आत अंधार झाला. अंधारात सौदा होईना, म्हणून शेजारी निळ्या प्लास्टिकच्या पत्र्याची शेड उभारली आणि सौदे तिकडं गेले. हॉलात खताची पोती आणि पारवे राहायला आले.

आणि आता तो पाडायचा होता. जागेवर तीन मजली व्यापारी संकुल उठणार होतं. समितीचे सभापती आबा खराडे ह्यांनी भर सभेत, बिल्डरच्या मांडीला मांडी लावून, तसं जाहीरच करून टाकलं होतं. राहिला होता तो फक्त संचालकांच्या बैठकीतला ठराव. बैठक पाडव्यानंतर होती. तोवर पोरांना हॉल मोजून, नकाशे काढून, संचालकांना पटवून द्यायचं होतं की ही इमारत ठेवण्यासारखी आहे.

मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मला श्रोते मिळाले होते. मी रोज सकाळी जेवण उरकून तिथं जाऊन बसायचो.

"हा हॉल बांधला कुणी, तात्या?" जुनैद विचारायचा. "कागदावर कुठंच नाव नाही."

"एक जर्मन होता."

"काल तुम्ही म्हणालात मिरजेचा होता," वरून शलाका.

"मिरजेचाच. बायको जर्मन."

"आणि परवा म्हणालात ब्रह्मचारी होता."

"परवापर्यंत होता."

ती खो-खो हसायची. तिच्या हसण्यानं पारवे उडायचे. पण वहीत काही जायचं नाही. असली खमकी पोरगी मी पाहिली नव्हती. दुसरं कुणी एक तर सगळं लिहून घेतं, नाही तर उठून जातं. ही सगळं ऐकायची आणि काही लिहायची नाही.

हॉलाच्या मधोमध एक गोल दगडी कट्टा आहे. एके दिवशी तिनं विचारलं, हा कशाला? तेव्हा मी तिला रुमालाखालचा सौदा दाखवला. खांद्यावरचा रुमाल तिच्या हातावर टाकला, खाली माझा हात घातला आणि तिची दोन बोटं धरली.

"हा भाव झाला. अडत्या कट्ट्यावर बसणार. व्यापारी एकेक करून येणार, रुमालाखाली बोटं धरून भाव सांगणार. कुणी किती दिला ते दुसऱ्याला कळत नाही. शेवटी सगळ्यात वरचा भाव मी पुकारायचा. पुढं सरकारनं ही पद्धत बंद केली, आता उघड लिलाव असतो."

"आणि बाकीच्यांनी काय भाव दिला होता?"

"ते रुमालाखालीच राहिलं."

तिनं जरा विचार केला. डोळे बारीक करून म्हणाली, "पण तात्या, तुम्हीच होतात ना अडत्या? तुम्ही? मग खोटा भाव पुकारला तर कळणार कुणाला?"

जुनैद हसला. मी रुमालाची घडी केली, खांद्यावर टाकली आणि म्हणालो, "चहा घेऊया."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ते उत्तरेचं प्रकरण झालं.

मी सांगत होतो, की इंजिनियरनं सगळी तोंडं त्या अंगाला केली, कारण तिकडं एका डॉक्टरीणबाईचा बंगला होता आणि तिच्यावर त्याचा जीव होता. शलाकानं खिशातून होकायंत्र काढलं, बघितलं. मग जुनैदला म्हणाली, "अरे, बरोबर उत्तर. एक अंशसुद्धा इकडंतिकडं नाही."

"कापडगिरणीला करतात तसं," जुनैद म्हणाला. "उत्तरेकडून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. दिवसभर सारखा. पण गुळाला कशाला?"

मग शलाका माझ्याकडं वळली. "तात्या, गुळाची पारख कशावर करतात?"

"कणी बघतात. चव. पण भाव ठरतो तो रंगावर."

बोललो आणि माझं मलाच कसंतरी झालं.

"आणि त्या निळ्या शेडमध्ये गेल्यापासून?" तिनं हळूच विचारलं.

आता काय सांगू? त्या शेडमध्ये गेल्यापासून गावात एकच रडगाणं होतं. गुळाला रंग राहिला नाही. कुणी म्हणायचं नवं उसाचं बियाणं वाईट, कुणी म्हणायचं खत, कुणी म्हणायचं नदीचं पाणी. एक वर्षी तर ग्रामदेवतेला कौल लावला. आणि आबा खराड्यांनी काय केलं? पंचक्रोशीतला पहिल्या नंबरचा गुळव्या, म्हणजे रस आटवून गूळ करणारा, सत्याप्पा, बापाच्या वेळेपासून त्यांच्या गुऱ्हाळावर होता. त्याचा गूळ शेडमध्ये काळा पडला म्हणून चारचौघांत त्याला बोलून घालवला. म्हातारा रडला नाही. कडेवर नातू घेतला आणि चालता झाला.

"वरचे पत्रे काढता येतील का, तात्या? एकाच सुपाचे?"

सचिवाला मी गाठलं. सांगितलं, पाडायच्या आधी पत्रे काढून विकले नाहीत तर बिल्डर फुकट नेईल. सचिव म्हणाला, काढा काढा. ही माझी थाप नव्हती, सल्ला होता.

दोघं पोरं, त्यांचे कॉलेजातले चार मित्र आणि गुळाचे दोन हमाल, एवढ्यांनी मिळून पहिल्या सुपाचे पत्रे उतरवले. फुटक्या जागी नव्या काचा घातल्या, बाकीच्या सोड्यानं धुतल्या. शलाकाच्या केसांत पारव्यांची घाण, कोपरं सोललेली. शेवटची काच पुसली आणि ती खाली उतरली, तोवर मी कट्ट्यावर बसलो होतो.

उजेड आला. म्हणजे ऊन नव्हे. कवडसा नाही, सावली नाही. निवळलेलं पाणी भांड्यात भरावं तसा तो वरून भरत आला आणि माझ्या हातावर थांबला. चाळीस वर्षं मी ह्या उजेडात बसलो होतो आणि मला वाटायचं, उजेड म्हणजे असाच असतो.

"काय झालं, तात्या?" शलाकानं विचारलं.

"जो कोण होता," मी म्हणालो, "तो गुळातला नव्हता. त्यानं कुणाला तरी विचारलं असणार. बसून विचारलं असणार, की बाबांनो, तुम्ही बघता काय?"

तिनं वही काढली आणि ते लिहून घेतलं. माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य वहीत गेलं. मला बरं वाटलं, पण हत्तीचं वाईटही वाटलं.

बैठक हॉलातच घ्यायची, हे मी आबांच्या गळी उतरवलं. "पाडायच्या आधी शेवटचा चहा तिथं पिऊ," एवढंच म्हणालो. आबा आणि मी एका तालमीतले. चारचौघांत ते मला तात्या म्हणायचे, एकटे असलो की भूपाल्या. माणूस दांडगा, आवाज नगाऱ्यासारखा, आणि शब्द दिला की दिला. तीच तर अडचण होती.

सभापती धरून नऊ संचालक. पहिल्या सुपाखाली खुर्च्या मांडल्या. एका बाजूला बिल्डरनं संकुलाचं पुठ्ठ्याचं मॉडेल ठेवलं होतं, त्यात छोट्या मोटारी आणि हिरवी झाडं. दुसऱ्या बाजूला पोरांचे नकाशे दोरीला चिमटे लावून टांगले होते, धुणं वाळत घातल्यासारखे.

शलाका उठली. मला वाटलं आता भाषण करणार. ती म्हणाली, "आबा, नकाशे नंतर बघा. आधी दोन ढेपांची पारख करून द्याल का? तुमच्यासारखी पारख इथं कुणाला नाही असं ऐकलंय."

ते मीच सांगून ठेवलं होतं. आबांना गुळावरून 'येत नाही' म्हणणं जमणार नव्हतं.

ती सगळ्यांना आधी शेजारच्या निळ्या शेडमध्ये घेऊन गेली. तिथं एक ढेप ठेवलेली. आबांनी वाकून बघितलं, कोपरा मोडला, चाखला, तोंड वाकडं केलं. "चव बरी. पण काळपट आहे. तिसऱ्या नंबरात जाईल."

"आणि बाकीच्यांना काय वाटतं?"

"तिसराच," सगळे म्हणाले. मलगोंडा पाटील, संचालकांत सगळ्यात थोरले, ते तर म्हणाले, "तिसऱ्यात घेतला तर उपकार."

मग सगळे पुन्हा हॉलात. कट्ट्यावर दुसरी ढेप. आबा चार पावलांवरच थांबले. "हा कुणाचा?" त्यांचा आवाज उतरला. "अरे, हे सोनं आहे सोनं! असला रंग मी बापाच्या वेळी बघितला होता. कुणाचा आहे, तात्या?"

"सत्याप्पाचा," मी म्हणालो.

"आणि तो शेडमधला?"

"तोही सत्याप्पाचा. एका काहिलीतला. एकाच दिवशी ओतलेला."

"तात्या, इथं तरी थापा मारू नको!"

सगळे हसले. ह्याचीच मला भीती होती. पण शलाका हसली नाही. तिनं जुनैदला खूण केली. जुनैदनं शेडमधली ढेप उचलली, सगळ्यांच्या डोळ्यांपुढून चालवत आणली आणि कट्ट्यावरच्या ढेपेशेजारी ठेवली.

हसू थांबलं.

मोडलेल्या कोपऱ्याची ढेप, जिला तिसऱ्या नंबरात ढकललं होतं ती, कट्ट्यावर आली आणि पिवळीधमक झाली. दोन्ही सख्ख्या बहिणी. मग मलगोंडा पाटलांनी न राहवून दुसरी स्वतः उचलली, वयाचा विचार न करता, आणि शेडकडं नेली. आम्ही मागोमाग. तिथल्या निळ्या उजेडात तीही काळी पडली. पाटलांनी ढेप खाली ठेवली आणि तिथंच तिच्याजवळ बसले.

"म्हणजे दहा वर्षं," ते म्हणाले, "आपण उसाला शिव्या घातल्या."

आबा मोडलेला तुकडा चिमटीत धरून उभे होते. मी त्यांच्याकडं बघत होतो. त्यांच्या मनात कोण उभं होतं ते मला कळत होतं. कडेवर नातू घेतलेला.

पण सभापती तो सभापती. आबांनी तुकडा तोंडात टाकला, हात झटकले आणि हॉलात येऊन खुर्चीत बसले. "प्रयोग झ्याक झाला. पोरं हुशार आहेत. पण काचा काय, नव्या इमारतीलाही बसवता येतील. मी शब्द दिलाय. सचिव, ठराव वाचा. संकुलाच्या बाजूचे, हात वर करा."

बिल्डर मॉडेलशेजारी हसतमुख उभा. संचालक एकमेकांकडं बघेनात, आबांकडं बघू लागले. आबांच्या डोळ्यांपुढं हात खाली ठेवायची छाती कुणाची? सोसायटीचं कर्ज, पोराची बदली, बंधाऱ्याचं पाणी, प्रत्येकाची शेंडी आबांच्या हातात. दोघांचे हात छातीपर्यंत आले. शलाकानं टांगलेल्या नकाशाची कड धरली होती.

मी उठलो. "आबा, एक मागणं आहे."

"तू संचालक नाहीस, तात्या."

"म्हणून तर मागतोय. ह्या कट्ट्यावर गावाचे एवढे सौदे झाले. हा शेवटचा. हॉलाचाच सौदा आहे. जुन्या रीतीनं होऊ द्या, रुमालाखाली. एक बोट म्हणजे पाडा, पाच बोटं म्हणजे ठेवा."

सचिव चष्मा सावरत म्हणाला, "नियमात बसत नाही."

"गुप्त मतदान बसतं का नाही?"

"ते बसतं. पण चिठ्ठीनं."

"चिठ्ठीवर लिहितात ते बोटानंच ना? मधला कागद वाचला."

दोघं-तिघं फिसकन हसले. मी आबांकडं बघितलं. आबांनी बराच वेळ वर, काचेकडं बघितलं. मग म्हणाले, "होऊ दे. शेवटची हौस तात्याची."

मी कट्ट्यावर मांडी घातली आणि रुमाल पसरला. एकेक संचालक आला. मलगोंडा पाटलांचा खरबरीत हात. कुणाचा घामेजलेला, कुणाचा थंडगार. एकानं आधी एक बोट धरलं, सोडलं, आणि मग पाची धरून जे दाबलं ते हाडापर्यंत कळलं. माझा चेहरा मी चाळीस वर्षं ठेवला तसा ठेवला होता: दगडाचा.

आठ हात झाले. चार ठेवा, चार पाडा.

नववे आबा.

ते येईपर्यंत जेवढा वेळ गेला, तेवढ्यात मी काय काय विचार केला ते सांगतो. आबांचं एक बोट पडणार, हे आभाळाएवढं उघड होतं. आणि पुकारणारा मी. रुमालाखालचं दोघांनाच ठाऊक असतं, त्यातले दुसरे आबा. ते म्हणणार खोटं, मी म्हणणार खरं. उंबरपेठेतला सगळ्यात मोठा थापाड्या मी, हत्ती छतावर चढवलेला. मग एक बोट पाच करायला असं काय लागतं? ती पोरगी समोर उभी होती, नकाशाची कड धरून. मी तिच्याकडं बघितलं नाही. कारण मला माहीत होतं, एक बोट पडलं तर मी एकच पुकारणार आहे. तोंडानं मी हत्ती चढवीन, जर्मन बाई आणीन, पण ह्या हाताला ते येत नाही. ह्या हातावर विसंबून लोक वर्षाचं पीक कट्ट्यावर ठेवून, पाठ फिरवून विडी ओढत बसायचे. 'काय भाव आला' म्हणून विचारायचे, 'खरंच का' म्हणून कुणी कधी विचारलं नाही. तिनं त्या दिवशी विचारलं ना, खोटा भाव पुकारला तर? मी कधी पुकारलाच नव्हता.

आबा बसले. त्यांचा तालमीतला रुंद पंजा रुमालाखाली आला.

हात उचलून मी उभा राहिलो. "ठेवा," मी पुकारलं, "पाच. पाडा, चार. सौदा पक्का."

मग आबा कडाडले, "खोटं! तात्या, खोटं बोलतोयस तू!"

बिल्डर पुढं आला. "मीही तेच म्हणतो. ह्या माणसाचा काय भरवसा? सगळं गाव सांगतं..."

तेव्हा मलगोंडा पाटील खुर्चीचा हात धरून उठले. एरवी ते आबांपुढं मान वर करायचे नाहीत. "थांबा पाव्हणं. तात्याच्या तोंडाचं आम्हाला सांगू नका, ते आम्ही जन्मापासून ऐकतोय. पण रुमालाखालचा त्याचा आकडा आजवर चुकलेला नाही. आबा, तुम्ही तर स्वतः ह्याच्याकडं गूळ घालत होता. एकदा तरी चुकला का?"

आबांनी सगळ्यांकडं बघितलं. आता सगळे त्यांच्याकडं सरळ बघत होते.

"नाही चुकला," आबा म्हणाले. पागोट्याची घडी नीट केली. "लिहा सचिव. बहुमतानं." आणि बिल्डरला म्हणाले, "माझा शब्द होता हो, पण बघितलंत ना, पंचांपुढं काय चालतंय?"

शलाकानं नकाशाची कड सोडली. जुनैद तिथंच खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसू लागला की रडू लागला, कळेना. मलगोंडा पाटलांनी मोडलेली ढेप फोडली आणि सगळ्यांच्या हातावर तुकडा तुकडा ठेवला. बिल्डरच्यासुद्धा.

पुढच्या हंगामाला उरलेल्या सहा सुपांचे पत्रे उतरले आणि सौदे परत हॉलात आले. आणि आबांच्या गुऱ्हाळावर काहिलीपुढं सत्याप्पा दिसला. आबा स्वतः त्याच्या घरी गेले होते म्हणतात. काय बोलले ते कुणाला ठाऊक नाही. तेही रुमालाखालीच राहिलं.

पोरांनी मग कुठली कुठली गावं पालथी घातली. एक टाऊन हॉल वाचला, एक एसटी स्टँड नाही वाचलं. सहा-सात वर्षांनी त्यांचं मोठं पुस्तक निघालं. शलाका ते मला द्यायला आली. सुपाच्या हॉलाचा उभा छेद त्यात दोन पानभर काढलाय. इमारत किती मोठी ते कळावं म्हणून आर्किटेक्ट लोक नकाशात एखादं माणूस काढतात. ह्यात कट्ट्यावर एक म्हातारा बसलाय. आणि छतावर, पूर्वेच्या अंगाला, अंगठ्याएवढा हत्ती.

आबा गेल्या वर्षी गेले. जायच्या आधी निरोप आला म्हणून मी गेलो. अंथरुणाला खिळले होते, पण आवाज तोच. सगळ्यांना खोलीबाहेर घालवलं.

"भूपाल्या, एवढी वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाहीस."

"रुमालाखालचं सांगत नसतात."

"बिल्डरनं मला विचारलं होतं एकदा. मी म्हटलं, तात्यानं घोटाळा केला. तुझ्यावर ढकललं."

"बरं केलंस. माझ्यावर बसतं."

आबा हसले. मग खोकले. मग माझं मनगट धरून म्हणाले, "मी गेल्यावर सांग. सांगच. तुझ्यावर विश्वास ठेवतंय कोण?"

आणि तसंच झालं. मी गावात चारजणांना सांगितलं, की नववा हात आबांचा होता आणि त्यात पाच बोटं होती. चौघंही म्हणाले, जावा तात्या.

गेल्या महिन्यात शलाका आली होती, कॉलेजातली वीस-पंचवीस पोरंपोरी घेऊन. आता तीच शिकवते. पोरं काचांखाली पाठीवर पडून छताची चित्रं काढत होती. आम्ही दोघं कट्ट्यावर बसलो होतो. मी तिला सगळं सांगितलं: आठ हात, चार नि चार, आणि नववा.

ती खो-खो हसली. पारवे उडाले. "आबा? आबा खराडे? जे 'खोटं, खोटं' म्हणून ओरडले ते? तात्या, हे वहीत जाणार नाही!"

मी खांद्यावरचा रुमाल काढला, तिच्या हातावर टाकला, खाली माझा हात घातला आणि पाचही बोटं धरून दाबली. आबांनी दाबली होती तशी.

ती हसायची थांबली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. रुमालाकडं बघत राहिली. मग दुसऱ्या हातानं पिशवी चाचपली आणि वही काढली.